पोट, ओटीपोट आणि चुंबकाचे चित्र

मराठी भाषेने पोटदुखीवर कधीच फारसा विश्वास ठेवलेला नाही. 'त्याची पोटदुखी निराळीच आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला त्याच्या आतड्यांची नव्हे, मत्सराची गोष्ट करायची असते. 'पोटशूळ उठणे' हा वाक्प्रचार तर वैद्यकातून बाहेर पडून कधीचाच राजकीय अग्रलेखांत स्थिरावला आहे. शाळा चुकवणाऱ्या मुलाचे पहिले निमित्त पोटदुखीचे असते, आणि ते निमित्त आहे हे घरात सर्वांना ठाऊक असते. उलट, एखादा माणूस कळकळीने बोलू लागला की तो 'पोटतिडकीने' बोलतो. त्या शब्दातली तिडीक ही मुळात शरीरातली कळ आहे, हे बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही लक्षात राहिलेले नसते. जे दुखणे भाषेने इतक्या उदारपणे रूपकांना वाटून टाकले, ते खरोखरच होऊ लागले तर माणसाने ते कोणत्या शब्दांत सांगावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी आपला मानावा असे आम्हांला वाटते. त्यासाठी आम्ही येथे एका यंत्राचा आधार घेणार आहोत. ते यंत्र म्हणजे एमआरआय.

प्रथम एक हकीगत सांगणे भाग आहे, कारण हा लेख तिच्यातूनच निघाला आहे. आमच्या एक सहकारी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतात. येथे त्यांना आम्ही नुसते 'बाई' म्हणू. चार वर्षे त्यांचे पोट दुखत होते. दुखणे महिन्यातून काही दिवस यायचे आणि जायचे. त्या दिवसांत त्या तासांवर खुर्चीत बसून शिकवीत. अखेर एका मोठ्या रुग्णालयात त्या तपासणीला गेल्या, तेव्हा आमच्यापैकी दोघे त्यांच्यासोबत होतो. बाह्यरुग्ण कक्षात गर्दी होती, पडदा अर्धाच ओढलेला होता, बाईंचे दीर शेजारी उभे होते. डॉक्टरांनी विचारले, 'काय होतंय?' बाई म्हणाल्या, 'पोटात दुखतं. पोट फुगतं. जेवण जात नाही.' पूर्वीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात लहान खडे दिसले होते, तो कागद त्यांनी पुढे केला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि पित्तनलिकांचा एमआरआय झाला. अहवाल आला : पित्ताशयात लहान खडे, पित्तनलिका मोकळी, यकृत व स्वादुपिंड प्राकृत. घरी त्याचा अर्थ एकच घेतला गेला : यंत्राने पाहिले, काही नाही, मनाचे खेळ आहेत.

त्या अहवालातला एकही शब्द खोटा नव्हता, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. जे पाहायला सांगितले होते ते यंत्राने नीट पाहिले होते आणि ज्यांनी अहवाल लिहिला त्यांनी ते नीट वाचले होते. मात्र बाईंचे दुखणे जेथे होते, त्याच्या बरेच वर ती चित्रे संपत होती.

सात महिन्यांनी, दुसऱ्याच एका दवाखान्यात, एका तरुण निवासी डॉक्टर मुलीने पडदा पूर्ण ओढला, दिरांना बाहेर बसायला सांगितले आणि म्हणाली, 'बाई, हात ठेवून दाखवा बरं, नेमकं कुठं दुखतं?' बाईंनी हात बेंबीच्या खाली, पार खाली ठेवला. 'हे तर ओटीपोट झालं,' ती म्हणाली. 'पाळीच्या आधी सुरू होतं का?' मग चार वर्षांत कोणाला सांगितले नव्हते ते सगळे बाहेर आले : पाळीच्या दोन दिवस आधी येणाऱ्या कळा, मांडीत उतरणारी ओढ, शौचाला बसताना कापल्यासारखे होणारे दुखणे. पुन्हा एमआरआय झाला, ह्या वेळी ओटीपोटाचा. डाव्या बीजांडकोशात जुन्या रक्ताने भरलेली गाठ होती आणि गर्भाशयाच्या मागे, मलाशयाला चिकटून, एक घट्ट गाठोळे होते. एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर रुजण्याचा हा विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना, तो असतो. आणि त्याचे निदान व्हायला वर्षांमागून वर्षे जातात.

'पोट' आणि 'ओटीपोट' ह्या दोन शब्दांतल्या अंतराने सात महिने घेतले. आम्ही दोघे भाषेचे शिक्षक तेथे उभे होतो आणि आम्हांलाही तो शब्द सुचवावासा वाटला नाही. संकोच बाईंचा होता, तसाच तो आमचाही होता. त्यामुळे पुढे जे म्हणणार आहोत त्यात इतरांना दोष देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही.

आता यंत्राविषयी. एमआरआय म्हणजे पोटाचा एक मोठा फोटो, अशी समजूत सर्वत्र आहे. ती चुकीची आहे, आणि बाईंच्या हकिगतीतला बराचसा अनर्थ ह्या समजुतीने घडवला. ह्या यंत्रात क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरातले पाणी आणि चरबी ह्यांत हायड्रोजन भरलेला असतो, आणि त्याचे अणुकेंद्रक हे एका सूक्ष्म चुंबकासारखे वागते. रुग्णालयांतल्या नेहमीच्या यंत्राचे चुंबकक्षेत्र १.५ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या साधारण ३०,००० पट. त्या क्षेत्रात ही अणुकेंद्रके एका ठराविक गतीने डोलू लागतात. तेवढ्याच कंप्रतेची रेडिओलहर, म्हणजे १.५ टेस्लाला सुमारे ६४ मेगाहर्ट्झची, क्षणभर सोडली की ती ढळतात, आणि लहर थांबली की परत जागेवर येता येता स्वतःच एक क्षीण संकेत देतात. तो संकेत किती वेळाने विरतो हे प्रत्येक ऊतकाचे निराळे असते. चित्र तयार होते ते ह्या वेळांच्या फरकातून. दुसऱ्या शब्दांत, हे यंत्र शरीराला एक प्रश्न विचारते आणि उत्तर ऐकते. प्रश्न बदलला की उत्तर बदलते.

ह्याचा इतिहासही भाषेच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखा आहे. अणुकेंद्रकांचा हा चुंबकीय अनुनाद १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल ह्यांनी स्वतंत्रपणे दाखवला व १९५२ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यापासून चित्र काढता येईल हे पॉल लॉटरबर ह्यांनी १९७३ मध्ये दाखवले. पीटर मॅन्सफील्ड ह्यांनी ते चित्र वेगाने कसे मिळवावे ह्याचे गणित दिले. दोघांना २००३ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. तंत्राच्या मूळ नावात 'न्यूक्लिअर' हा शब्द होता. त्यात किरणोत्सर्गाचा काही संबंध नसताही लोक तो शब्द ऐकून बिचकत, म्हणून तो नावातून वगळला गेला. म्हणजे ह्या अतिशय निःशब्द वाटणाऱ्या यंत्रालाही रुग्णाच्या दारी येण्यापूर्वी आपला एक शब्द बदलावा लागला होता.

पोट हा ह्या यंत्राचा अवघड विषय आहे. डोके स्थिर ठेवता येते. पोट ठेवता येत नाही. श्वासाबरोबर यकृत वरखाली होते, आतडी आपल्या लयीत सरकत असतात. म्हणून रुग्णाला पंधरा-वीस सेकंद श्वास रोखून धरायला सांगतात, पुन्हा सोडायला सांगतात, पुन्हा रोखायला सांगतात. कधी आतड्यांची हालचाल मंदावणारे औषधही देतात. हे सर्व अर्धा-पाऊण तास चालते. त्यामुळे अकस्मात उठलेल्या तीव्र पोटदुखीत प्रथम सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात, कारण तेथे मिनिटे मोलाची असतात. एमआरआयचा मान निराळ्या जागी आहे. गर्भवतीला अपेंडिक्सची शंका आली आणि सोनोग्राफीने उलगडा झाला नाही, तर किरणांचा धोका न पत्करता पाहता येते ते ह्याच यंत्राने. क्रोन्सच्या विकारात ज्या तरुणांना वर्षानुवर्षे वारंवार तपासावे लागते, त्यांच्यासाठीही ते वरदान आहे. पित्तनलिकेत खडा आहे की नाही एवढे पाहण्यासाठी पूर्वी तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेत औषध सोडीत. त्यातून कधी कधी स्वादुपिंडाला सूज येई. आता नुसते पाहण्यासाठी ते करावे लागत नाही. ह्या यंत्राविरुद्ध आमची तक्रार नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

आमचा मुद्दा वाचनाचा आहे. एमआरआयमध्ये एकाच जागेची चित्रे अनेक रीतींनी काढतात. त्यांतल्या दोन प्रमुख रीतींना टी-१ आणि टी-२ म्हणतात. टी-२ मध्ये पाणी, पित्त, मूत्र असे द्रव उजळ दिसतात. टी-१ मध्ये तेच द्रव काळे पडतात आणि चरबी उजळते. चरबीचा उजेड मुद्दाम विझवला, तर जुने साकळलेले रक्त चमकून उठते. बाईंची गाठ ओळखली गेली ती अशी : टी-१ मध्ये ती उजळ होती आणि टी-२ मध्ये सावळली होती. कोणत्याही एका चित्रावरून हा अर्थ निघाला नसता. एकाच श्लोकावर दोन भाष्यकारांची भाष्ये समोर ठेवून वाचण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना ही रीत परकी वाटू नये. आणि कोणता भाग, कोणत्या रीतीने, किती बारीक कापांत पाहायचा, हे ठरते ते डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीवरच्या दोन ओळींवरून. त्या दोन ओळी येतात रुग्णाच्या बोलण्यातून. यंत्र कोट्यवधी रुपयांचे असो. त्याची पहिली सामग्री एक वाक्य असते.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. रुग्णाचे बोलणे तरी कितीसे भरवशाचे? अपेंडिक्सचे दुखणे पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होते आणि मग काही तासांनी उजवीकडे खाली उतरते. पित्ताशय दुखते आणि रुग्ण उजवा खांदा चोळत बसतो. हृदयविकाराचा झटका पोटाच्या वरच्या भागातल्या जळजळीसारखा येऊ शकतो. लहान मुलाला फुप्फुसाचा दाह होतो आणि ते पोट धरून रडते. पोटातल्या अवयवांच्या संवेदना पाठीच्या कण्यात एकमेकींत मिसळून जातात, म्हणून माणसाला आपल्याच पोटातली जागा नीट सांगता येत नाही. कथनशास्त्राच्या परिभाषेत, रुग्ण हा अविश्वसनीय निवेदक आहे. पण अविश्वसनीय निवेदक भेटला म्हणून आपण कादंबरी मिटवून ठेवतो काय? आपण ती अधिक सावधपणे वाचतो. तो काय सांगतो, काय गाळतो, कोणासमोर सांगतो, हे पाहतो. जो वैद्य 'दुखणे आधी कुठे होते आणि मग कुठे गेले?' असे विचारतो, तो हेच करत असतो. बेंबीपासून उजवीकडे सरकण्याची ती हकीगत हीच निदानातली मोठी खूण आहे. चित्र त्या क्षणी काय आहे ते सांगते. आधी काय होते ते बहुधा माणूसच सांगतो.

केवळ हकीगत आणि हाताचा स्पर्श ह्यांवर विसंबण्याच्या काळाचे गोडवेही आम्हांला गायचे नाहीत. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक ह्यांनी येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. पोटाच्या आत डोकावणारे आजच्यासारखे कोणतेही यंत्र तेव्हा नव्हते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, म्हणून ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण त्या पद्धतीने पोट उघडल्यावर अपेंडिक्स निरोगीच निघाले, असे शेकडा पंधरा-वीस वेळा होणे शल्यविशारद पुढेही अनेक दशके स्वाभाविक मानीत. हे प्रमाण खाली आणले ते चित्रांनी. कंदिलाची गोष्ट सुंदर आहे. कंदिलाकडे परत जाणे सुंदर नाही.

तरीही त्या पिढीच्या वैद्यांकडे एक गोष्ट होती, आणि ती आपल्या विषयाच्या जवळची आहे. इंग्लंडमधले शल्यविशारद झकॅरी कोप ह्यांनी १९२१ मध्ये तीव्र पोटदुखीच्या लवकर निदानावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या आवृत्त्या शतकभर निघत राहिल्या. ह्याच कोप ह्यांनी १९४७ मध्ये टोपणनावाने तोच विषय चक्क पद्यात मांडला. विद्यार्थ्यांनी लक्षणांचा क्रम पाठ करावा, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे आयुर्वेदाची ग्रंथपरंपराही बहुतांशी पद्यातच आहे, आणि रुग्णपरीक्षेची तिची तीन साधने म्हणजे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. आज दर्शनाचे सामर्थ्य कल्पनेपलीकडे वाढले आहे. प्रश्नाचे मात्र जेथे होते तेथेच राहिले, किंवा गर्दीच्या कक्षात थोडे मागेच गेले.

पाश्चात्य साहित्यविचारात ह्या विषयावर बरेच बोलले गेले आहे. इंग्रजी भाषेकडे साध्या डोकेदुखीसाठीही पुरेसे शब्द नाहीत, अशी तक्रार व्हर्जिनिया वुल्फ ह्यांनी १९२६ मध्ये केली. वेदना भाषेला नुसती विरोध करत नाही, ती भाषा मोडून टाकते, असा विचार एलेन स्कॅरी ह्यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात मांडला. पण त्या दोघींच्या मध्ये, १९७५ मध्ये, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक ह्यांनी निराळेच काही केले. त्यांनी वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत मांडून एक प्रश्नावली तयार केली आणि रुग्णांना त्यांतून निवड करायला सांगितली. वेदनेपुढे भाषा मोडते हे खरे असेल. पण शब्द समोर ठेवले तर माणसे त्यांतला नेमका उचलतात, हे त्या प्रश्नावलीने दाखवले.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ मुळीच नाही. लाटेसारखी येते आणि ओसरते ती कळ. पोकळ नळी आवळली जाते तेव्हा ती उठते. शौचाच्या वेगाबरोबर पिळवटून येतो तो मुरडा. एका जागी नाडीसारखा लागून राहतो तो ठणका. विजेसारखी जाते ती चमक. अति जेवल्यावर येते ती तडस. याशिवाय जळजळ आहे, ओढ आहे, टोचणी आहे, गच्चपणा आहे. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. त्यांतला प्रत्येक शब्द वैद्याला निराळ्या दाराशी नेऊ शकतो. तरी रुग्णालयाच्या चिठ्ठीवर ह्या सर्वांचे मिळून एकच इंग्रजी भाषांतर होते, आणि त्याचा अर्थ असतो 'पोटात वेदना'. बाईंच्या 'ओटीपोटा'चे तर भाषांतर होण्याचीही वेळ आली नाही, कारण तो उच्चारलाच गेला नव्हता.

चित्राला हकिगतीची जोड नसेल तर दुसरीकडूनही अनर्थ होतो. प्रत्येक पोटदुखीला एमआरआय काढत गेले, तर पुष्कळांच्या यकृतात, मूत्रपिंडांत, अधिवृक्क ग्रंथींत काही ना काही निरुपद्रवी गाठी सापडतात. ज्यांच्यासाठी चित्र काढले नव्हते अशा त्या गाठी मग चिंतेचा आणि पुढच्या तपासण्यांचा विषय होतात. बाईंच्या पित्ताशयातले खडेही असेच खरे होते, आणि तरीही बाईंच्या दुखण्याचे उत्तर नव्हते. उलट बाजूने, चित्र कोरे असले म्हणजे दुखणे नाही, असेही होत नाही. आतड्यांची संवेदनशीलता वाढून होणारा आयबीएससारखा विकार कोणत्याही चित्रात उमटत नाही. एंडोमेट्रिऑसिसचे पृष्ठभागावरचे बारीक ठिपकेही एमआरआयमधून बहुधा निसटतात. म्हणूनच २०२२ मधल्या युरोपीय मार्गदर्शक सूचना बजावतात की चित्र प्राकृत आले तरी हा विकार नाही असे ठरवू नये. 'काही दिसत नाही' आणि 'काही नाही' ही दोन निराळी वाक्ये आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. घरातल्या माणसांना मात्र तो कोणी तरी समजावून सांगायला हवा होता.

मग आपण काय करावे? वैद्यकाच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वर्तन, नीती आणि संवाद ह्यांचे शिक्षण रीतसर समाविष्ट झाले आहे; ते स्वागतार्ह आहे. पण संवाद शिकवण्याचे काम एकट्या डॉक्टरांच्या गळ्यात का असावे? महाराष्ट्रात जेथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे जवळपास मराठीचा एखादा विभागही असतोच. दुखण्याची बोली शब्दावली प्रदेशवार गोळा करणे, कोणता शब्द कोणत्या जागेसाठी आणि कोणत्या जातीच्या वेदनेसाठी वापरतात हे नोंदवणे, ती नोंद वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हाती देणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला एका वर्षात सुरू करता येईल. दुसरी गोष्ट त्याहून लहान आहे : तपासणीच्या चिठ्ठीवर रुग्णाचे मूळ वाक्य, त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, एका ओळीत लिहिले जावे. चित्र वाचणाऱ्या तज्ज्ञाला बहुधा रुग्ण भेटत नाही. निदान त्याचे एक वाक्य तरी भेटावे.

आणि तिसरी गोष्ट आपल्या वर्गातली. पाळी, गर्भाशय, मलाशय, ओटीपोट हे शब्द पाठ्यपुस्तकात आले की शिक्षक पान उलटतात आणि वर्ग खाली पाहतो. आम्हीही ते केले आहे. शब्दांची लाज वर्गात शिकवली जाते आणि तिची किंमत दवाखान्यात मोजली जाते, हे बाईंच्या सात महिन्यांनी आम्हांला शिकवले.

बाईंवर पुढे उपचार झाले. दुखणे पूर्ण गेलेले नाही. पण आता त्याला नाव आहे, आणि घरात ते नाव उच्चारले जाते. परवा त्या म्हणाल्या, 'सगळ्यांना वाटतं मशीननं शोधलं. मशीन तर आधीही होतंच. त्या मुलीनं हात कुठं ठेवायचा ते विचारलं, म्हणून सापडलं.' त्यांच्या ह्या वाक्यात आम्हांला काही वाढवायचे नाही. एवढेच म्हणू, की त्या मुलीने विचारले, आणि मग बाईंनीही सांगितले. पहिल्या दवाखान्यात ह्या दोन्ही गोष्टी घडल्या नव्हत्या, आणि त्यांतल्या दुसऱ्या गोष्टीची जबाबदारी काही अंशी आम्हां भाषाशिक्षकांवर येते.